महामार्गावर मोटारींची मर्यादा 100 वरून 120 करावी का?

पाचवा गिअर (प्रश्न)

नमस्कार. कामानिमित्त मला आठवड्यातून तीन-चार वेळा दुभाजक असलेल्या चौपदरी, प्रवेश-नियंत्रित महामार्गावरून जावे लागते. तेथे मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे आणि मी ती पाळतो. मात्र काटा 98 ते 100 च्या दरम्यान ठेवून एखादा ट्रक ओलांडू लागलो, की मागची गाडी तिची नंबरप्लेट आरशात दिसेनाशी होईल इतकी जवळ येते आणि डिपर सुरू होतो. बहुतेक मोटारी 110 ते 120 च्या वेगाने जात असताना नियम पाळणारा मीच वाहतुकीचा अडथळा ठरतो, असे वाटू लागले आहे.

बहुसंख्य लोक मोडतात ती मर्यादाच चुकीची, असे मानून ती 120 करावी का? ओळखीतले लोक लगेच जर्मनीचा दाखला देतात. तो येथे कितपत लागू पडतो, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

समांतर रेषा

आपली अडचण खरी आहे, आणि मर्यादा वाढवण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद तिच्यातच आहे. अमेरिकेत मर्यादा ठरवताना 85 व्या शतमकाचा आधार घेण्याची जुनी पद्धत आहे. वाहतूक मोकळी असताना 100 पैकी 85 वाहने ज्या वेगाने किंवा त्याहून कमी वेगाने जातात तो वेग मोजायचा आणि मर्यादा त्याच्या आसपास लावायची. बहुतेक चालक रस्ता पाहून शहाणपणानेच वेग निवडतात, असे यामागील गृहीतक आहे. डेव्हिड सॉलोमन यांच्या 1964 च्या अभ्यासातही अपघातात सापडण्याची शक्यता सरासरी वेगाच्या आसपास सर्वांत कमी आणि तेथून दोन्ही बाजूंना वाढत जाणारी दिसली होती.

रस्त्याशी संबंध नसलेल्या मर्यादेचे काय होते, याचे उदाहरणही अमेरिकेतच आहे. तेलटंचाईनंतर 1974 मध्ये तेथे इंधन वाचवण्यासाठी देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 89 किलोमीटरची मर्यादा आली. ती सर्रास मोडली जाऊ लागली. अखेर 1987 मध्ये ग्रामीण भागातील आंतरराज्य महामार्गांवर 65 मैलांची मुभा द्यावी लागली आणि 1995 मध्ये तो कायदाच रद्द झाला. जी मर्यादा कोणालाच पटत नाही ती इतर मर्यादांचीही पत घालवते, असे माझे मत आहे.

थांबण्याचे अंतर

वरील प्रतिसादातील दोन्ही आधार वाटतात तितके पक्के नाहीत. सॉलोमन यांच्या आकडेवारीत वळण्यासाठी वेग कमी केलेली वाहनेही होती. पुढील अभ्यासांत ती वगळली, तेव्हा हळू जाण्यातील धोका बराच कमी दिसला. 85 व्या शतमकाची अडचण वेगळी आहे: मर्यादा वाढवली की काही लोक नव्या मर्यादेच्याही वर जातात, पुढच्या मोजणीत आकडा आणखी चढतो आणि पाटी त्यांच्या मागे धावत राहते.

आता थोडे गणित करू. चालकाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो आणि कोरड्या रस्त्यावर गाडी दर सेकंदाला 7 मीटर प्रति सेकंद इतका वेग गमावते, असे धरा. ताशी 100 ला त्या दीड सेकंदातच गाडी सुमारे 42 मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यावर आणखी 55 मीटर, म्हणजे एकूण साधारण 97 मीटर अंतरात ती थांबते. ताशी 120 ला हेच अंतर 129 मीटर होते. फरक 32 मीटरांचाच आहे, असे वाटेल. पण पहिली गाडी जेथे थांबली, नेमक्या त्याच ठिकाणी दुसऱ्या गाडीचा वेग अद्याप ताशी सुमारे 77 किलोमीटर असतो. एकाला धडकच बसत नाही आणि दुसऱ्याला 77 च्या वेगाने बसते. वाद घालताना हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

स्वीडनचे गोरान निल्सन यांच्या प्रसिद्ध सूत्रानुसार प्राणघातक अपघात सरासरी वेगाच्या चौथ्या घाताने बदलतात, म्हणजे सरासरी वेग 5 टक्के वाढला तर असे अपघात 20 टक्क्यांच्या वर वाढतात. पाटीवर 20 किलोमीटर वाढले म्हणून सरासरी तितकी वाढत नाही, हे मान्य. पण या हिशेबात थोडी वाढही पुरेशी होते. त्या बदल्यात 100 किलोमीटरच्या प्रवासात दहा मिनिटे वाचतात, तीही वाट पूर्ण मोकळी मिळाली तर, आणि हवेचा अवरोध 44 टक्के वाढल्याने इंधन जळते ते निराळेच.

रात्रीची फेरी

माझी बरीच वर्षे अवजड वाहने चालवण्यात गेली. या चर्चेत सगळे मोटारींबद्दलच बोलत आहेत, म्हणून थोडे लिहितो. मोटारींची मर्यादा वाढवली तरी ट्रकची वाढत नाही. युरोपात तर अवजड ट्रकना ताशी 90 च्या वर जाऊच न देणारे यंत्र सक्तीचे आहे. मी 80 ने चाललो आहे आणि मोटार 100 ने येत आहे, तर 200 मीटरवरून माझ्यापर्यंत पोहोचायला तिला 36 सेकंद लागतात. ती 120 ने आली तर 18. चढावर भरलेला ट्रक 40 वर येतो, तेव्हा हाच अवधी 9 सेकंद उरतो.

रात्री आरशात दोन दिवे दिसतात. ते किती लांब आहेत याचा अंदाज येतो, किती वेगाने येत आहेत याचा येत नाही. पुढच्या बंद पडलेल्या वाहनाला वळसा घालण्यासाठी लेन बदलायची की नाही, हे त्या दोन दिव्यांवरून ठरवावे लागते.

समांतर रेषा

हा मुद्दा मी मोजला नव्हता. वेगातील तफावत धोक्याची, असे म्हणत मी ती वाढवणारा उपाय सुचवत होतो, हे मान्य करतो. जर्मनीबद्दलही हेच म्हणता येईल. तेथील ऑटोबानच्या मोठ्या भागावर मोटारींना सक्तीची मर्यादा नाही. परंतु 1978 पासून 130 चा शिफारस केलेला वेग आहे, आणि त्याहून अधिक वेगाने जाताना अपघात झाल्यास भरपाईच्या जबाबदारीचा काही वाटा आपल्यावर येऊ शकतो. लेनची शिस्तही कडक आहे. पाटी काढून टाकल्याने तो रस्ता तसा झालेला नाही. नेदरलँड्सने 2012 मध्ये मर्यादा 130 केली आणि 2020 मध्ये नायट्रोजन प्रदूषणामुळे दिवसा 100 वर आणली, म्हणजे वाढवलेली मर्यादा कायम राहतेच असेही नाही.

प्रत्येक दिशेला तीन लेन असतील, अवजड वाहने एका लेनमध्ये राहत असतील आणि दोन ठिकाणांमधील वेळेवरून सरासरी वेग मोजणारे कॅमेरे असतील, तर 120 ला माझा पाठिंबा आहे. आपल्या चौपदरी रस्त्यावर मी 100 च ठेवीन.

पाचवा गिअर

सर्वांचे आभार. मर्यादेचा निर्णय होईल तेव्हा होईल. ट्रक ओलांडत असताना मागून डिपर आला तर मी नेमके काय करावे?

रात्रीची फेरी

वेग वाढवू नये आणि ब्रेकलाही हात लावू नये. ज्या वेगाने ओलांडत आहात त्याच वेगाने ओलांडणे पूर्ण करावे. ट्रकचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात पूर्ण दिसले की इंडिकेटर देऊन आपल्या लेनमध्ये यावे. एकच दिवा दिसत असताना वळलात, तर ट्रकवाल्याला ब्रेक मारावा लागतो, आणि त्याच्यामागेही कोणीतरी असतेच.