फोर्कलिफ्टची बॅटरी तिसऱ्याच वर्षी दमली आहे: इक्वलायझिंग चार्ज द्यावा की सेल बदलावेत?

नमस्कार. भिवंडीतील एका गोदामात देखभालीचे काम माझ्याकडे आहे. आमच्या दोन टनी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टला ४८ व्होल्ट, ६०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे दोन व्होल्टचे २४ सेल, बसवलेले आहेत. नवी असताना ती पूर्ण पाळी सहज काढत असे. आता तीन वर्षेही पुरी झालेली नसताना जेवणाच्या सुट्टीनंतर तासाभरातच काटा लाल पट्ट्यात जातो.

मागील आठवड्यात रात्रभर चार्जिंग झाल्यावर मी प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडच्या द्रावणाची सापेक्ष घनता (चार्ज चढतो तशी ती वाढते), घेतली. वीस सेल १.२६५ ते १.२८० यांदरम्यान आहेत, परंतु चार सेल १.२१०च्या वर सरकत नाहीत. हे चारही सेल पाण्याचा कॅन सहज पोहोचतो त्या कडेचे असून तेथील ट्रेही गंजली आहे. चार्जिंग पाहणारा मुलगा चार्जर लावण्यापूर्वीच सेल काठोकाठ भरतो, असे चौकशीत कळले. (पाणी कमी पडू देऊ नकोस, असे मीच त्याला बजावले होते, कधी भरायचे ते सांगितले नव्हते.) शिवाय चहाच्या सुट्टीतही वीस मिनिटे चार्जर लावला जातो.

इक्वलायझिंग चार्जने, म्हणजे सर्व सेल एका पातळीवर आणण्यासाठी मुद्दाम दिलेल्या जादा चार्जने, हे चार सेल सावरतील का? की ते बदलणेच योग्य? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपल्या वर्णनावरून सल्फेशनपेक्षा (प्लेटांवर लेड सल्फेटचा कडक थर बसण्यापेक्षा) ॲसिड वाहून गेल्याचा संशय अधिक येतो. चार्ज होताना द्रावण तापते, बुडबुडे सुटतात आणि पातळी चढते. सेल आधीच काठोकाठ असेल तर ॲसिड बाहेर येते, त्याची जागा पुढच्या वेळी पाणी घेते आणि ग्रॅव्हिटी कायमची उतरते. गेलेले ॲसिड इक्वलायझिंगने परत येत नाही.

तरीही एकदा तो चार्ज द्यावा, कारण निदान त्यातूनच होईल. हायड्रोजन सुटत असल्याने जागा मोकळी असावी आणि आसपास ठिणगी नसावी. शेवटी दर तासाला ग्रॅव्हिटी घ्यावी व ती वाढायची थांबली की चार्ज बंद करावा. त्यानंतर भार उचलत असताना त्या चार सेलांचे व्होल्टेज मोजावे. ते इतरांच्या बरोबरीने टिकले, तर प्लेटा शाबूत आहेत असे समजून बॅटरी उत्पादकाच्या तंत्रज्ञाकडून ग्रॅव्हिटी जुळवून घ्यावी. स्वतः ॲसिड ओतू नये. व्होल्टेज झपाट्याने कोसळले, तर मात्र सेल बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

डिस्टिल्ड पाणी चार्ज पूर्ण झाल्यावरच घालावे. आधी प्लेटा उघड्या पडलेल्या दिसल्या, तर त्या जेमतेम बुडतील एवढेच. चहाच्या वेळचे चार्जिंग आजच थांबवावे. साध्या चार्जरवर चार्जरची प्रत्येक जोडणी बॅटरीच्या आयुष्यातून वजा होते आणि बॅटरी विनाकारण तापते, ते वेगळेच.