कार्बन मोनॉक्साइडचा गजर आणि गृहविम्यातील सूट
अमेरिकेतील भावाला असा गजर बसवल्यावर गृहविम्याच्या हप्त्यात सूट मिळाली, मग पुण्यात ती का मिळू नये, हा आपला प्रश्न रास्त आहे; परंतु तिथेही ही सूट बहुधा धूर, आग आणि चोरी यांची सूचना देणाऱ्या एकत्रित यंत्रणेसाठी असते. कारण उघड आहे: हा वायू माणसाचा जीव घेतो, भिंतीवर मात्र ओरखडाही उमटवत नाही, आणि गृहविमा मुख्यतः भिंतींचा व सामानाचा असतो. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीचा गाभाही तोच आहे.

तरीही, ज्या न्हाणीघरात पुरेशी हवा खेळत नाही आणि आतच गॅस गिझर लावलेला आहे (सदाशिव पेठेतील आमच्या जुन्या घरी अनेक वर्षे तसाच होता), तिथे आधी गिझर बाहेर हलवावा आणि सवलतीची वाट न पाहता गजरही घ्यावा, असे माझे मत आहे. दुकानदार पुष्कळदा गॅसगळतीचा शोधक पुढे करतात, तो वेगळा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत बसवतात, आणि कार्बन मोनॉक्साइड त्याला ओळखता येईलच असे नाही.