विषय: वेग घेताना गाडीला बसणारे हिसके – ट्रान्समिशन बदलण्यापूर्वी सल्ला हवा

प्रेषक: एक सभासद, फ्रीमाँट

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझी २०१४ सालची ऑटोमॅटिक गाडी सव्वा लाख मैल चालली आहे. अलीकडे ताशी ४० ते ५० मैलांच्या दरम्यान ॲक्सिलरेटर हलका दाबला की ती हिसके देते, मात्र जोरात दाबला की सरळ पळते. चेक इंजिनचा दिवा मधूनच लागतो आणि पुन्हा जातो. एका गॅरेजने छोटीशी फेरी मारून लगेच संपूर्ण ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) बदलण्याचा सल्ला दिला असून तो खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ जातो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रेषक: एक सभासद, सॅन होजे

सप्रेम नमस्कार.

इतक्यावरून ट्रान्समिशन बदलण्यास कृपया संमती देऊ नये. हिसका चाकांपर्यंत एकाच वाटेने पोहोचत असल्यामुळे इंजिनाचा मिसफायर (सिलिंडरमधले इंधन नीट न पेटणे) आणि ट्रान्समिशनमधील थरथर आत बसलेल्या माणसाला जवळजवळ सारखीच जाणवते, आणि पहिल्याचा इलाज कित्येकदा एका इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाच्या) किमतीत होतो. या दोन्ही शक्यता वेगळ्या करून न पाहता कोणी थेट सर्वांत महागडा भाग बदलायला सांगत असेल, तर ते मला मुळीच पटत नाही.

दिवा लागतो आहे, म्हणजे गाडीच्या संगणकात दोषाचा कोड नोंदलेला असण्याची दाट शक्यता आहे. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींना ओबीडी-टू (असे कोड वाचण्याची) जोडणी असतेच, त्यामुळे साधा रीडर लावून आपण स्वतः कोड वाचू शकता. पी ०३०० ते पी ०३०४ या मालिकेतील कोड मिसफायरचे असतात. उदाहरणार्थ, पी ०३०२ आला तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी, कोड पुसून गाडी चालवावी. आता पी ०३०३ आला तर दोष कॉइलचाच आहे. दिवा सतत लागून न राहता लुकलुकत असेल, तर मात्र गाडी पुढे दामटू नये, कारण न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो निकामी करते.

तरीही आपण सांगितलेल्या खुणांवरून मला टॉर्क कन्व्हर्टरमधील (इंजिनाची शक्ती ऑइलमार्फत ट्रान्समिशनला देणाऱ्या भागातील) लॉकअप क्लचचा संशय अधिक येतो. मिसफायर सहसा चढावर, इंजिनावर भार आला की वाढतो. आपली गाडी मात्र जोर लावल्यावर सुधारते. हा क्लच मध्यम वेगात, हलक्या पायाने चालवताना लागतो आणि इंजिन व ट्रान्समिशन यांना जवळजवळ घट्ट जोडतो. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की तो सुटतो. ट्रान्समिशन ऑइलमधील घर्षण नियंत्रित करणारी द्रव्ये जुनी झाली की क्लच एकसारखा न घसरता क्षणात धरतो, क्षणात सोडतो, आणि गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे वाहन नसताना, थरथर सुरू असतानाच उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श करावा, म्हणजे ब्रेकचा दिवा लागेल पण गाडी मंदावणार नाही. क्लच सुटून टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा थोडा वर गेला आणि थरथर त्याच क्षणी थांबली, तर दोष तिथेच आहे असे समजावे.

तसे असल्यास पहिला उपाय ऑइल बदलण्याचा, आणि तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचेच. सर्व गाड्यांना चालते म्हणून विकले जाणारे ऑइल मी तरी वापरणार नाही. ड्रेन प्लग काढल्यावर सगळे ऑइल निघत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. एकूण ८ लिटरपैकी दर वेळी ३ लिटर निघते असे धरले, तर मध्ये गाडी चालवून तीन वेळा बदलल्यावर सुमारे तीन चतुर्थांश ऑइल नवे होते. एक गोष्ट आवर्जून सांगतो: खालचा प्लग काढण्यापूर्वी वरचा, भरण्याचा प्लग सुटतो याची खात्री करून घ्यावी, अन्यथा ऑइल काढून टाकलेले आणि भरायला वाट नाही अशी स्थिती होते. प्लगच्या चुंबकावर राखाडी लुकण असणे स्वाभाविक आहे. धातूचे कपटे दिसले किंवा ऑइलला जळका वास आला, तर आतली झीज पुढे गेली आहे असे समजावे.

कॅलिफोर्नियात गॅरेजने कामापूर्वी लेखी अंदाजपत्रक द्यावे लागते, आणि काम देतानाच मागणी केल्यास काढलेले भाग सहसा परत मिळतात. आपण दोन्ही मागावेत. राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलसाठी उत्पादकाने काढलेली सेवापत्रकेही पाहावीत, कारण काही वेळा अशा थरथरीवर ट्रान्समिशनच्या संगणकाचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचा उपाय त्यांत दिलेला असतो.

प्रेषक: एक सभासद, फ्रीमाँट

सप्रेम नमस्कार, आणि मनःपूर्वक आभार.

रीडरवर मिसफायरचा एकही कोड आला नाही. पी ०७४१ आला, जो याच लॉकअप क्लचच्या मंडलाचा आहे. ब्रेकला स्पर्श करताच थरथर थांबली. ट्रान्समिशनचेच काम करणाऱ्या दुसऱ्या एका कारागिराने ऑइल काढले, ते काळपट होते, पण चुंबकावर कपटे नव्हते. एकदा बदलल्यावर सपाट रस्त्यावरील हिसके गेले, सौम्य चढावर किंचित उरले आहेत. पुढील दोन वेळचे काम ठरवले आहे. त्यानंतरही कोड परत आला, तर सोलेनॉइड (ऑइलचा प्रवाह नियंत्रित करणारी विजेची झडप) तपासून मगच टॉर्क कन्व्हर्टरचा विचार करू, असे त्यांनी लेखी दिले आहे.