अंजनेरीच्या पायथ्याचे भात आवणीचे फिकट छायाचित्र : संपादनासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आषाढात नाशिक-त्र्यंबक रस्त्यालगत, अंजनेरीच्या पायथ्याशी भाताची आवणी चालू असताना काढलेल्या एका छायाचित्राने संगणकावर पाहताच फार निराशा केली. ते कितपत सावरता येईल, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. ज्या कुटुंबाचे ते शेत आहे, त्यांनी घरात लावण्यासाठी १२ × १८ इंचांची प्रत आवर्जून मागितली आहे. त्यामुळे हे छायाचित्र बाजूला टाकून पुढच्या पावसाळ्याची वाट पाहण्याचा मार्ग मला मोकळा नाही.

समोर पाण्याने भरलेली खाचरे, मधोमध वाकून रोपे लावणाऱ्या बायका, उजव्या कडेला विजेचा खांब, त्यावरून डोंगराला आडव्या जाणाऱ्या तारा आणि मागे अंजनेरी, अशी चौकट आहे. प्रत्यक्षात डोंगराचा काळसर निळा कडा आणि त्यावरून खाली सरकणारा ढग अगदी वेगवेगळे दिसत होते. छायाचित्रात मात्र आकाश, ढग आणि कड्याची वरची धार मिळून एकच पांढरा पट्टा झाला आहे, खाचरांतला चिखल राखाडी आला आहे आणि भाताच्या रोपांचा पोपटी रंग मेलेला आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असून रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार केलेले चित्र) या दोन्ही फाइली जवळ आहेत. एफ ८, १/२५० सेकंद आणि आयएसओ ४०० अशी नोंद आहे. संपादनासाठी डार्कटेबल हे सॉफ्टवेअर वापरतो.

आतापर्यंत धूसरपणा घालवण्याची सोय पूर्ण चित्रावर वापरून पाहिली. डोंगर थोडासा पुढे आला, पण बायकांचे चेहरे काळवंडले, हिरवा रंग प्लॅस्टिकसारखा झाला आणि कड्याच्या कडेने पांढरी झालर उमटली. एका मित्राने मोबाइलवर क्षणात आकाश बदलून दाखवले. मावळतीचे ते केशरी आकाश पाहून घरचे खूश झाले, मला मात्र ते मुळीच पटले नाही. ढगाळ उजेडात कोणाचीही सावली पडलेली नाही, आणि प्रत्येक खाचरातल्या पाण्यात खरे, पांढरे आकाश तसेच राहिले आहे. वर संध्याकाळ आणि खाली दुपार असे चित्र त्या शेतकऱ्याच्या घरात लावायला मन घेत नाही, कारण आवणीच्या दिवसांत आकाश कसे असते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

तेव्हा प्रश्न असा की, पावसाळी राखाडीपणा कायम ठेवून डोंगर आणि ढग वेगळे करता येतील का, रोपांचा रंग मूळचा कसा आणावा, आणि खांब व तारा काढाव्यात की राहू द्याव्यात?

प्रतिसाद

नमस्कार. रॉ फाइल आहे, ही जमेची बाजू आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला (लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या वेगवेगळ्या नोंदीला) उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात. म्हणून जेपेगचे आकाश ताणले की पट्टे पडतात आणि रॉचे बरेच तग धरते. दिवसाच्या उजेडात बहुधा हिरवी वाहिनी आधी भरते, म्हणजे कमाल पातळीला पोचून तिच्यातले बारकावे हरवतात. लाल आणि निळीत काही शिल्लक असेल, तर उजळ भागांची पुनर्रचना करणारे मॉड्यूल त्यांच्या आधारे ढगाचा आकार परत आणू शकते. ढग मुळातच रंगहीन असल्यामुळे हा अंदाज येथे सहसा खोटा ठरत नाही. मात्र जेथे तिन्ही वाहिन्या भरून गेल्या आहेत, तेथे आणण्यासारखे काही उरलेलेच नाही. रॉची भरलेली ठिकाणे दाखवणारी खूण चालू करून आधी हे पाहून घ्यावे.

धूसरपणा घालवण्याच्या सोयीवर येथे फार विसंबू नये. चैत्र-वैशाखात दूरच्या डोंगरावर दिसणारा निळसर धूसरपणा हवेतल्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून तेव्हा लाल वाहिनीत डोंगर बराच स्वच्छ सापडतो. आषाढातल्या ढगाचे थेंब त्या मानाने मोठे असून सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात, त्यामुळे तेथे ती युक्ती लागू पडत नाही. ढगामागचा कडा आणायचा प्रयत्न सोडावा आणि ढगाबाहेर जेवढा कडा दिसतो तेवढ्यालाच मास्क (बदल ठरावीक भागापुरता ठेवणारी निवड) लावून थोडा गडद करावा. मास्कची कड भरपूर मऊ ठेवली म्हणजे झालर उमटणार नाही. आकाश बदलण्याबाबत आपल्याशी पूर्ण सहमत आहे. खाचरे म्हणजे साक्षीदारच.

रंगासाठी आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसेल अशी जुळणी, पाहावा. डोक्यावर पांढऱ्या गोणीची खोळ घेतलेली एखादी बाई चौकटीत असेल, तर त्या गोणीच्या न भडकलेल्या भागावर पिपेट (चित्रातला रंग उचलणारे साधन) ठेवावे. ढगाळ दिवशी शेतात याहून हुकमी पांढरा रंग मिळणे कठीण. रोपांचा रंग आपण हिरव्यात शोधत असाल, पण कोवळ्या भाताचा बराचसा रंग पिवळ्यात असतो. पिवळ्याची छटा किंचित हिरव्याकडे न्यावी, उजळपणा थोडा वाढवावा आणि रंगाचा भडकपणा (सॅच्युरेशन) वाढवण्याचा मोह आवरावा. चिखलाची तांबूस झाक पांढरा रंग जुळला की बहुतेक आपोआप येते.

तारा खुशाल काढाव्यात. खांबाचे प्रतिबिंब खाचरात पडले असेल, तर खांब पुसून प्रतिबिंब ठेवणे हा त्या केशरी आकाशाचाच प्रकार होईल. त्यापेक्षा उजवी बाजू कापावी. १२ × १८ चे प्रमाण आपल्या मूळ चौकटीइतकेच, म्हणजे २ : ३ आहे, ते कापतानाही राखावे. ६००० × ४००० पिक्सेलमधून ४५०० × ३००० ठेवले तरी इंचाला २५० पिक्सेल मिळतात, आणि भिंतीवरच्या चित्राला ते पुरेसे होतात.

मूळ लेखकाचे उत्तर

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. डावीकडच्या बाईच्या डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ आहे, तिच्यावर पिपेट ठेवताच चिखल खरोखर तांबूस झाला आणि बायकांच्या हातांतल्या रोपांच्या जुड्यांना जीव आला. आकाशात पुनर्रचनेनंतर ढगाची खालची कड दिसू लागली. वरचा तिसरा हिस्सा मात्र पूर्ण कोरा निघाला, म्हणून खांबाबरोबर तो भागही कापला. अजून एक शंका आहे. पडद्यावर ठीक वाटणारे चित्र छापल्यावर काळे पडते असा अनुभव आहे, शिवाय घर कौलारू असून पावसाळ्यात भिंतींना ओल असते. कागद कोणता घ्यावा?

प्रतिसाद

कागद स्वतः उजेड देत नाही, म्हणून पडद्याची चमक बरीच उतरवून मगच अंतिम उजळपणा ठरवावा आणि एसआरजीबी या सर्वसाधारण रंगप्रणालीतली फाइल घेऊन लॅबमध्ये आधी ४ × ६ ची चाचणी प्रत काढावी. तिचेही प्रमाण २ : ३ च आहे, त्यामुळे चौकट तशीच येईल. कागद मॅट घ्यावा. चकचकीत कागद दमट हवेत काचेला चिकटतो आणि मग सोडवताना फाटतो. फ्रेम करणाऱ्याला चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंट (अंतर राखणारी पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगावे, आणि फ्रेम ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीला लावावी.