शिवारातली डीपी वर्षात दोनदा जळाली, गावानं मिळून वीज वाचवायची तर सुरुवात कुठून करावी?

हरभरा_औसा

राम राम मंडळी. आमचं गाव औसा तालुक्यातलं, अडीचशे उंबरा. १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन आसतो अन् तिथून पुढं आठवडाभर वीज कंपनीचे कार्यक्रम होतेत, तर यंदा ग्रामपंचायतीनं ठरवलंय की आपल्या गावातबी कायतरी करायचं. मी मेंबर हाय म्हणून काम माझ्याकडं आलंय. रॅली काढणं, घोषणा देणं, शाळेत चित्रकला स्पर्धा घेणं, हे सगळं होईल, लेकरं हौसेनं करतेत, पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. कारण सांगतो. आमच्या शिवारात एक ६३ केव्हीएची डीपी (मोटरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) हाय, तिच्यावर १४ मोटरी, सगळ्या ५ एचपीच्या. ही डीपी एका वर्षात दोनदा जळाली. दुसऱ्यांदा जळाली तवा हरभरा फुलात होता, पाण्याची पाळी हुकली अन् घाटे भरलेच नाहीत, हाताला दाणा पोचट लागायचा. मायनं मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली तर निम्मे उडून गेले, ते अजून डोळ्यापुढनं जाईना.

आता प्रश्न असा की महावितरणचे लोक गावात येणार हायत, तर त्यांच्याकडून नेमकं काय मागावं अन् गावानं स्वतः काय करावं? साडेसात एचपीपर्यंतच्या मोटरींचं बिल सरकार भरायलंय, त्यामुळं शेतकऱ्याला "वीज वाचवा" म्हणलं की तो म्हणतो मला कुठं बिल हाय. त्याला काय सांगावं? ज्यांनी गावात खरंच असलं काही केलंय त्यांनी लिहा. मोठं लिहिलं तरी चालंल, मी सगळं वाचणार हाय.

रिटायर्ड_वायरमन_बीड

मेंबरसाहेब, बत्तीस वर्षं खांबावर काढलीत म्हणून सांगतो, तुमच्या पोस्टमदीच उत्तर हाय, १४ मोटरी अन् ६३ ची डीपी. जरा हिशेब बगा. ६३ केव्हीएची डीपी लो टेन्शनला, म्हणजे मोटरीकडच्या बाजूला, फार तर ८४ अँपिअर देते. ५ एचपीची मोटर कॅपॅसिटर (मोटरीचा डीपीवरचा करंट कमी करणारा डबा) नसला तर ८ अँपिअरच्या आसपास ओढते, व्होल्टेज कमी आसलं तर त्याच्याहून जास्त. १४ गुणिले ८ म्हणजे ११२. ८४ च्या बैलाला ११२ चं ओझं, त्यो बसणारच की.

अन् खरं मरण त्या ऑटो स्विचमदी हाय. लाईट गेली की सगळ्या मोटरी बंद, अन् आली की चौदाच्या चौदा एकदमच उठत्यात. मोटर उठताना चालू करंटच्या सहापट ओढती, म्हणजे त्या क्षणाला साडेसहाशे अँपिअरच्या वर लोड येतो, ८४ वाल्या डीपीवर. किटकॅटची, म्हणजे फ्यूजची तार जळून जावी म्हणूनच बारीक ठिवलेली आसती, पण आपले लोक तिथं जाड तार भरत्यात, मग तार जळत नाई, आतली वायंडिंग जळती. रात्री दोनला शेतात जायला नको म्हणून माणूस ऑटो बसवतो, त्याचंबी मला कळतं, साप-इचवाचं भ्या आसतंच. पण सगळ्यांनी बसवलं की कुणालाच पाणी मिळत नाई.

तर करायचं काय, तीन गोष्टी. पयली, ऑटो स्विच काढा, सगळ्यांनी एकाच दिवशी, एकट्यानं काढून उपेग नाई. दुसरी, परतेक मोटरीला कॅपॅसिटर, ३ एचपीला १ केव्हीएआर, ५ ला २ अन् साडेसातला ३. काही शे रुपयांत येतो. स्टार्टरच्या आधी टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावून बगा, ८ चा आकडा साडेसहाच्या जवळ येतो, तेवढा करंट डीपीवरनं कमी झाला. ISI मार्कचाच घ्या, अन् तीन फेजला नीट जोडून घ्या, फुगलेला कॅपॅसिटर काढून टाका. तिसरी, पाळी. सात-सात मोटरींच्या दोन टोळ्या करा. सात गुणिले साडेसहा म्हणजे ४५-४६ अँपिअर, डीपी गार राहती, व्होल्टेज टिकतं, अन् पूर्ण व्होल्टेजवर मोटर जे पाणी चार तासात देती ते डीम व्होल्टेजवर सहा तासातबी देत नाई.

बिल नाई म्हणणाऱ्याला हेच सांगा, वीज फुकट हाय पण जळालेली मोटर भरून आणायला पैसे तुझेच जातेत अन् हरभराबी तुझाच जातो.

एक हात जोडून सांगणं, डीपीवर कुणी स्वतः चढू नका, फ्यूज टाकायला सुद्धा नाई. मी माझ्या डोळ्यानं तरणीताठी पोरं गेलेली बगितलीत. १९१२ ला फोन लावा, वायरमनची वाट बगा.

परभणीचे_मास्तर

वायरमनकाकांनी फार नेमकं सांगितलंय, त्यात शेतीबद्दल भर घालायची गरज नाही. मी शाळेचं सांगतो, कारण तुम्ही म्हणालात की रॅलीवर समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आम्ही सातवीच्या मुलांना एक काम दिलं होतं. रात्री झोपायच्या आधी आणि सकाळी उठल्यावर घरच्या मीटरचा आकडा वहीत लिहायचा, आठवडाभर. आणि एक दिवस घरातलं सगळं बंद करायचं, फक्त मेन स्विच चालू, आणि मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो का ते बघायचं. बहुतेक घरांत तो लुकलुकतच होता. मग मुलं शोधायला लागली. टीव्ही रिमोटनं बंद केलेला, सेट टॉप बॉक्स चालूच, चार्जर भिंतीला. सेट टॉप बॉक्स १० वॅटचा धरला तरी दिवसरात्र चालून महिन्याला ७ युनिट होतात, कोणी न बघता. एका मुलीनं तर आजोबांना हाताला धरून मीटरपाशी नेलं आणि म्हणाली, बघा आबा, कुणीच काही लावलं नाही तरी चाललाय. त्या घरात आता रात्री बटण बंद होतं. ही मुलं घरी जेवढं पटवून देतात तेवढं कोणतंही पोस्टर देत नाही.

दुसरं, ग्रामपंचायतीचं स्वतःचं घर आधी आवरा. गावातले रस्त्यावरचे दिवे दिवसा चालू असतात का ते मोजा. ६० खांब आणि २० वॅटचा एलईडी धरा, दिवसाचे १२ तास उगाच जळले तर रोज १४.४ युनिट, महिन्याला ४३२. हे बिल ग्रामपंचायतीलाच येतं, शेतीपंपासारखं माफ नाही. एक टायमर किंवा उजेडावर चालणारा स्विच बसवला की विषय संपतो. तसंच नळयोजनेच्या मोटरीचं, टाकी भरून वाहत असते आणि मोटर चालूच. म्हणजे वीजही गेली आणि पाणीही गेलं.

मराठवाड्यात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच, हे मुलांना मी दरवर्षी सांगतो. २०१५ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आज सातवीत असलेल्या मुलांना ते आठवत नसणार, त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं, आणि ज्यांनी त्या रांगेत घागरी धरल्या ते अजून गावात आहेत, त्यांनाच शाळेत बोलवा.

बचतगट_ताई_जालना

दादा, बायांना बोलवा बरं बैठकीला, नुसते बापेच बसवू नका. घरातली वीज आम्ही वापरतो. आमच्या गटाची पिठाची गिरणी आहे, तिच्या बिलावरून आम्ही शिकलो. पट्टा ढिला असला की मोटर फिरते पण जातं मागं राहतं आणि युनिट चढतात, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आता दर सोमवारी पट्टा बघतो, जात्याच्या दगडाला टाकी वेळेवर मारतो, आणि दळण साठवून एकदमच लावतो, चार किलोसाठी मोटर उठवायची नाही.

घरात आमच्या वस्तीत पिवळे बल्ब २०१५ नंतर उजाला या सरकारी योजनेचे एलईडी आले तेव्हाच गेले, ६० वॅटच्या जागी ९ वॅट, त्याचा फरक बिलात दिसला होता म्हणून लोकांचा विश्वास बसला. आता पंख्याचा नंबर आहे. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी हा कमी वीज खाणारा नवा पंखा ३० च्या आसपास. १२ तास चालवला तर महिन्याला एका पंख्यामागं १६ युनिट वाचतात. महाग आहे म्हणून एकदम सगळे बदलू नका, जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी बदला. आमच्याकडं गटातून कर्ज काढून ११ बायांनी घेतले, हप्ता बिलातल्या बचतीतनंच बराचसा निघतो, कारण १०० युनिटच्या पुढं दर एकदम चढतो आणि १०० च्या आत राहिलं की खूप फरक पडतो.

आणि ज्यांच्याकडं टीओडी (दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावणारे) मीटर बसलेत त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेला सवलत आहे. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर दिवसा लावा असं आम्ही गटात सांगितलंय. कंपनीचे साहेब येतील तेव्हा हे बायांसमोर मीटरपाशी उभं राहून दाखवायला सांगा, भाषणात सांगितलं तर ध्यानात राहत नाही.

वैजापूरकर

सगळ्यांचं पटलं, मी फक्त सोलरचं लिहितो कारण आमच्या तालुक्यातच धोंदलगावला ३ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिलाय, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला राज्यातला पहिला पूर्ण झालेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये लोकार्पण झालं. त्याची वीज जवळच्या सबस्टेशनला जाते आणि तिथून शेतीच्या फीडरवर (शेतीला वीज देणाऱ्या लाईनवर), म्हणजे शेतकऱ्याला दिवसा लाईट. दिवसा लाईट मिळाली की वायरमनकाकांनी सांगितलेल्या ऑटो स्विचची गरजच राहत नाही, माणूस शेतात उभा असतो, स्वतः बटण दाबतो. मला वाटतं ऑटो स्विच काढा म्हणण्याइतकंच दिवसा वीज मागणं महत्त्वाचं आहे. ज्याला रात्री बारानंतर पाणी द्यायचंय त्याला नुसता उपदेश करून कसं चालेल.

तुमच्या सबस्टेशनच्या आसपास सरकारी पडीक किंवा गायरान जमीन असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या आणि मागणी करा. असा प्रकल्प झालेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे ३ वर्षं विकासकामांसाठी मिळतात. खाजगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. पण गायरान देताना गुरं कुठं चरतील हे आधी ठरवा, नाहीतर गावात भांडण लागतं. घरावर बसवायचं असेल तर पीएम सूर्यघरमध्ये १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ ला ७८ हजार सबसिडी आहे.

रिटायर्ड_वायरमन_बीड

वैजापूरकर बरोबर बोलले. अजून एक आठवलं म्हणून परत लिवतो. २००५ नंतर लई लोडशेडिंग होतं तवा महावितरणची अक्षय प्रकाश योजना होती. त्यात गावानं ग्रामसभेत ठराव करून सांगायचं की संध्याकाळी आमी मोटरी, गिरण्या चालवणार नाई, वीजचोरीचे तारेवरचे आकडे काढून टाकू, अन् त्या बदल्यात गावाला संध्याकाळी घरात उजेड मिळायचा. मी स्वतः अशा गावात गेलतो. आकडे काढायला आमी गेलो की लोक काठ्या घेऊन यायचे, पर ज्या गावात म्हातारी माणसं मारुतीच्या पारावर बसून ठरवायची, तिथं पोरांनी आमी पोचायच्या आधीच तारा गोळा करून ठिवलेल्या. गावानं एकदा ठरवलं की आमाला निस्तं गाडीत बसून परत यायचं काम. म्हणून सांगतो, आधी बैठक तुमची, मग साहेबांना बोलवा.

हरभरा_औसा

सगळ्यांचे लई आभार, एवढं कुणी कुणासाठी लिहित नाई. काल रात्री काकांचं अन् मास्तरांचं उत्तर प्रिंट काढून मंदिरापाशी वाचून दाखवलं. १४ पैकी ११ जण आले होते. ११२ अन् ८४ चा हिशेब फळ्यावर मांडला तवा सगळे गप झाले, मग एक म्हातारबाबा म्हणले की हे दोन डीप्या जळायच्या आधी का नाई कुणी सांगितलं.

ठरलं ते असं. सोमवार-बुधवार-शुक्रवार वरच्या अंगाच्या सात मोटरी, मंगळवार-गुरुवार-शनिवार खालच्या अंगाच्या, रविवार ज्याची पाळी अडली त्याला. कॅपॅसिटर लातूरहून एकदमच आणायचे, वर्गणी आठ जणांची जमली. रस्त्यावरच्या दिव्यांच्या टायमरचा विषय मासिक सभेत घेतलाय. ताई, बायांची बैठक रविवारी दुपारी हाय, माझी बायकोच बोलणार हाय मीटरपाशी. गायरानाचं मात्र वेळ लागंल, गुरांचा प्रश्न खराच हाय.

ऑटो स्विच आज सकाळी आठ जणांनी काढले, पयला माझ्या मोटरीवरचा काढला. तिघांनी काढतो म्हणलंय. जे बैठकीला आलेच नाहीत त्या तिघांत एक माझा चुलता हाय, त्याचं शेत डीपीच्या अगदी बुडाला. संध्याकाळी त्याच्या आखाड्यावर जाणार हाय, सोबत मायला नेतो, तिचं तो ऐकतो. काय झालं ते इथंच लिहितो.