बेल्जियन डार्क स्ट्राँग एल: मुरलेली बिअर आणि बिघडलेली बिअर गुणपत्रिकेवर वेगळी कशी काढायची?

कर्वेनगर_कट्टा

शनिवारी पाच जण बसणार आहोत. ३३० मिलीच्या तीन बाटल्या आहेत: शिमे ब्लू (९%), सेंट बर्नार्डस आब्ट १२ (१०%) आणि रोशफोर १० (११.३%). शिवाय चौथी एक आहे. तिचं नाव देत नाही, कारण दोष बनवणाऱ्याचा की ठेवणाऱ्याचा हे ठरलेलं नाही. ती दोन उन्हाळे स्वयंपाकघरातल्या कपाटात पडून आहे. तिच्या जोडीची बाटली उघडली तेव्हा एकाला शेरी (स्पॅनिश वाइन) आणि खजूर लागला, त्याने ५० पैकी ४१ दिले. दुसऱ्याला सोया सॉस लागला, त्याने २६. बिअर एक, ग्लास सारखे.

विचारायचं हे:
१. क्रम आणि तापमान काय ठेवायचं?
२. केळ्याचा वास आला तर गुण कापायचे का?
३. दारूची ऊब आणि दारूचा चटका यातली रेघ कुठे?
४. जुनेपणाचे गुण द्यायचे की कापायचे?

गुणपत्रिका बीजेसीपीची (बिअरचे परीक्षक घडवणारी अमेरिकन संस्था) वापरतोय.

मंडईतला_माल्ट

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

फ्रीजमधून काढलेली बाटली साधारण ४ अंशांवर असते. त्या थंडीत मनुका-खजूर नाकापर्यंत येतच नाहीत, नुसती कार्बोनेशनची चुरचुर कळते. पहिला घोट १० अंशांना, शेवटचा १४ च्या आसपास. खोली ३२ अंशांवर असेल तर बाटली ४ वरून १० वर यायला पंधराएक मिनिटं लागतात. डिसेंबरात पंचवीस धरा. अंदाजपंचे नको, स्वयंपाकाचा सुईवाला थर्मामीटर ग्लासात बुडवा. १८ च्या वर गेली की चांगली बिअरसुद्धा दारूचा भपकारा मारते आणि तो दोष म्हणून लिहिला जातो. मागच्या वेळी एकाने थंडगार असताना गुण दिले आणि दुसऱ्याने अर्ध्या तासाने, असं झालं असेल तर फरकाचा बराचसा हिशोब तिथेच लागला.

गॉब्लेट (रुंद तोंडाचा, दांड्याचा बिअरचा ग्लास) नसेल तर पोट असलेला वाइनचा ग्लास चालतो, पण तो खरंच स्वच्छ हवा. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ठीक. जिथे चिकटत नाही तिथे तेलाचा किंवा साबणाचा थर आहे, फेस तिथेच बसणार आणि मार बिचाऱ्या बिअरला. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने करा आणि ग्लास पालथे वाळवा. फडक्याने पुसलात की फडक्याचा वास आत.

बाटल्या आदल्या दिवसापासून फ्रीजमध्ये उभ्या ठेवा, म्हणजे यीस्ट तळाशी बसतं. ओतताना पाचही ग्लास ओळीने मांडा आणि बाटली मध्ये सरळ न करता एकाच कलत्या हाताने सगळे भरा. प्रत्येक वेळी सरळ केलीत की गाळ उसळतो, आणि पाचव्या माणसाला वेगळीच बिअर मिळते. तळाचे २०-२५ मिली सोडून माणशी ६० मिली येतील.

क्रम चढत्या अल्कोहोलचा: ९, १०, ११.३. तीन वेळा ६० मिली म्हणजे सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल, ५% च्या एका पाइंटएवढं (आपल्याकडची ३३० मिलीची बाटली). ही जपायची मर्यादा आहे, कारण १०% ची अख्खी बाटली एकट्याने घेतली तर २६ ग्रॅम होतात. गाडी आणू नका हे वेगळं सांगायला नको.

बाटल्यांना फॉइल गुंडाळा आणि ओतायचं काम गुण न देणाऱ्याकडे द्या. ‘ट्रॅपिस्ट’ (ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात बनलेली) शब्द दिसला की पुण्यातला भला माणूस दोन गुण आपोआप वाढवतो. तुमच्या तिघींपैकी सेंट बर्नार्डस ट्रॅपिस्ट नाही. बेल्जियममधल्या वाटू गावच्या या ब्रुअरीने १९४६ ते १९९२ सिंट-सिक्स्टस मठाच्या परवान्यावर बिअर बनवली, आजही ती मठाच्या धाटणीचीच आहे, पण शिक्का नाही. चवीत त्याने काही बिघडत नाही.

आणि टेबलावर बाकरवडी, चिवडा नको. मिरचीने तोंड पोळलेलं असताना अल्कोहोलचा चटका दुप्पट लागतो. साधा पाव आणि पाणी. उदबत्तीही त्या दिवशी बंद.

नाक_सलामत

२, ३ आणि ४ घेतो.

आधी आकडे, म्हणजे कशाशी ताडून बघायचं ते कळेल. बीजेसीपीच्या वर्णनात ही बिअर ८ ते १२% अल्कोहोलची, कडवटपणा २० ते ३५ आयबीयू (कडवटपणाचं एकक), रंग १२ ते २२ एसआरएम (आकडा मोठा तितका रंग गडद), सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०७५ ते १.११०, शेवटची १.०१० ते १.०२४. रंग नीट बघा: गडद तांबूस ते तपकिरी. काळा नाही. नावात ‘डार्क’ आहे म्हणून लोक भाजलेल्या कॉफीची चव शोधतात, आणि सापडली तर खूश होतात. इथे करपट, कॉफीसारखी चव ही उणीव आहे. रंगाचा मोठा भाग गडद कँडी साखरेच्या पाकातून येतो, काळ्या माल्टमधून (करपेपर्यंत भाजलेल्या, मोड आणलेल्या बार्लीतून) नाही.

या शैलीची सगळी परीक्षा एका गोष्टीत आहे: वास गोड, शेवट कोरडा. साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, अल्कोहोल देऊन जाते पण अंगाला जडपणा ठेवत नाही. म्हणून नाकाला काकवी, अंजीर, काळ्या मनुका आणि जिभेवरून मात्र घोट स्वच्छ उतरतो. घोट गिळल्यावर वीस सेकंद थांबा. ओठ चिकट वाटले आणि दुसऱ्या घोटाआधी पाणी प्यावंसं वाटलं, तर एकतर क्रिस्टल माल्ट (गोडवा मागे ठेवणारं भाजकं माल्ट) जास्त पडलंय किंवा यीस्ट अर्ध्यात थांबलंय. हे गुण चवीत कापा. ५० पैकी २० तिथेच आहेत. बाकी वासाला १२, दिसण्याला ३, तोंडातल्या जाणिवेला ५, एकंदर मताला १०.

केळं: वेलची केळ्याचा पुसट वास यीस्टचाच आहे, आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, आणि तो चालतो. मिरीचा हलका झणकाही चालतो, लवंगेचा मात्र नको. पण झाकण उघडताच केळं आणि मागे दुसरं काहीच नाही असं असेल तर वासात २ कापा. बाटली मुरताना केळं आपोआप विरतं, त्यामुळे ताज्या बाटलीत थोडं सैल धोरण ठेवा.

ऊब आणि चटका: ग्लासवर बशी झाका, दहा सेकंद फिरवा, बशी काढून एक छोटा हुंगा घ्या. लांब श्वास नको, नाक बधिर होतं. साधं इथेनॉल असेल तर गोडसर ऊब येते आणि ती छातीत उतरते. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर आठवला आणि चटका घशातच अडकला, तर फ्यूजेल अल्कोहोल (आंबवणात बनणारी जड, चटका देणारी अल्कोहोलं) आणि इथाइल अ‍ॅसिटेट आहेत. कारण बहुधा आंबवण पहिल्या दोन-तीन दिवसांत फार गरम झालेलं असतं किंवा यीस्ट कमी टाकलेलं. मुरवून हे फारसं जात नाही, ‘अजून वर्षभर ठेवा’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

आता तुमच्या भांडणाचं मूळ. तीन वेगळ्या गोष्टी एका ‘जुनी झाली’मध्ये कोंबल्या जातात.

शेरी, पोर्ट, सुकं अंजीर: हे ऑक्सिडेशनच (ऑक्सिजन लागून होणारा बदल), पण माल्टशी जमून गेलेलं. मागे यीस्टचा मसाला आणि बुडबुडे अजून जिवंत असतील तर गुण कापू नका, उलट गुंतागुंत वाढली म्हणून द्या. ओला पुठ्ठा: हेही ऑक्सिडेशन, पण सपाट. चव मध्येच बोथट होते. वासात आणि चवीत मिळून ४-५ कापा. सोया सॉस किंवा मांसाच्या रश्शासारखा वास: हे ऑक्सिडेशन नाही, तळाचं मेलेलं यीस्ट फुटून बिअरमध्ये उतरलंय. गरम जागी हे लवकर होतं. हलकं असेल तर ३, उघड असेल तर ६-७ कापा.

दोन पुणेरी उन्हाळे कपाटात काढलेल्या बाटलीत पहिलं आणि तिसरं एकत्र सापडणं अगदी शक्य आहे. म्हणजे दोघंही खरं बोलत होते. ४१ देणाऱ्याने सोया सॉस ओळखला नाही, २६ देणाऱ्याने बाकी सगळ्याचे गुणही रागाने कापले. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मी ३१-३२ वर थांबलो असतो.

स्पर्धेत परीक्षकांचे गुण ७ च्या आत आणायचा प्रघात आहे. आधी गप्प बसून लिहायचं, मग फक्त वर्णनं वाचायची, आकडे सगळ्यात शेवटी. आकडा आधी बोलला की मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो.

फेसाळ_पेठ

सगळं मान्य, एक सोडून. गाळ ‘सोडून’ द्यायचा हे अर्धवट आहे. स्वच्छ बिअरचे गुण लिहून झाल्यावर तळाचे २०-२५ मिली हलवून वेगळ्या छोट्या ग्लासात ओता आणि सगळ्यांनी हुंगा. पाव, कणीक असा वास आला तर यीस्ट ठीक आहे. सोया सॉस आधी इथे पकडला जातो. त्याचे गुण देऊ नका, फक्त खूण करा.

नाक तयार करायला शनिवारच्या आधी रविवार पेठेत एक फेरी मारा. पाच वाट्या करा: काळ्या मनुका, खारीक, सुकं अंजीर, चार मिरे ठेचून, चमचाभर काकवी. पहिल्या तिन्ही कोमट पाण्यात तासभर भिजवून, कारण कोरड्या मनुकेला वास जवळजवळ नसतो. दोषांसाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, आणि १०० मिली साध्या लागरमध्ये सोया सॉसचे दोन थेंब टाका. ज्याला शेरी लागली होती त्याला हा ग्लास न सांगता द्या.

कर्वेनगर_कट्टा

छान. हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती काचेची नळी) आहे आमच्याकडे. गोडपणाचा वाद आकड्याने मिटेल का? आणि चौथी बाटली कितव्या क्रमांकावर?

नाक_सलामत

अर्धा मिटेल. ट्यूबच्या आकाराप्रमाणे १०० मिली लागतात, म्हणजे अख्ख्या वाटपाला कात्री. मोजायचंच असेल तर चौथ्या बाटलीतली मोजा. दोन भांड्यांत आठ-दहा वेळा ओतून गॅस काढा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. २० अंशांना वाचा, हायड्रोमीटर त्याच तापमानाचा असेल तर. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) वापरू नका, अल्कोहोल असताना तो खोटा आकडा देतो. १.०२४ च्या वर असेल तर गोडपणाची तक्रार खरी. १.०१५ असूनही कुणाला गोड लागत असेल तर नाक जिभेला फसवतंय, काकवीच्या वासाने तसं होतं.

चौथी सगळ्यात शेवटी, माणशी ३० मिली. आणि उघडण्याआधी अर्धा दिवस फ्रीजमध्ये असू द्या, गरम कपाटातून काढून थेट उघडलीत तर फेस टेबलक्लॉथवर मोजावा लागेल.