पोर्टफोलिओ तिसऱ्यांदा परत आला, मदत हवी आहे (तातडीने)

धडपड्या: सोमवारी परत पाठवायचाय. मोठ्या कंपनीत कार डिझायनरची जागा. दर वेळी एकच शेरा, 'प्रपोर्शन' (गाडीच्या भागांची मापं एकमेकांना शोभत नाहीत). चार मीटरच्या आतली एसयूव्ही, १८ रेंडर (रंगवलेली तयार चित्रं). काय बदलू?

पानापक्कड: एक्स्टिरिअर की इंटिरिअर? स्टुडिओ की बॉडी इंजिनिअरिंग? टायर कुठला, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर) किती?

धडपड्या: एक्स्टिरिअर, स्टुडिओ. उघड आहे ना! टायर १९५/६० आर१६. व्हीलबेस मोजला नाही, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे आणखी चार चाकं मावतात.

पानापक्कड: इथंच घोडं पेंड खातंय. या टायरचा व्यास ६४० मिमी. मधे चार म्हणजे केंद्र ते केंद्र पाच व्यास, ३२००. चार मीटरमधून उरले ८००. दोन्ही टोकांची अर्धी-अर्धी चाकं ६४० खातात. राहिलेल्या १६० मिमीत पुढचे-मागचे बंपर, क्रॅश बीम, सगळं? मधे तीनच ठेव. व्हीलबेस २५६०, ओव्हरहँगला, म्हणजे चाकांच्या केंद्रांपुढे-मागे मिळून, सुमारे १४४०.

जी२: रेंडर सोडा, एलियस (गाडीचे पृष्ठभाग घडवायचं सॉफ्टवेअर) शिका. बॉनेट आणि फेंडरच्या जोडावर झेब्राचे पट्टे (पृष्ठभाग तपासायला स्क्रीनवर पाडलेलं पट्ट्यांचं प्रतिबिंब) मोडले की पॅनेलवर उजेड तुटतो. नुसतं टँजंट (कडेची दिशा) जुळून भागत नाही, वक्रताही जुळायला हवी.

पानापक्कड: अहो, क्लास-ए सरफेस (बाहेरून दिसणारा अंतिम गुळगुळीत पृष्ठभाग) डिजिटल मॉडेलर करतो. डिझायनरकडून स्केच मागतात.

जी२: स्केच हजार जण काढतात.

चिखलवाला: १:४ मापाचं क्ले (मातीसारखा मळायचा पदार्थ) मॉडेल करा. गाडी एक मीटरची होते. आत फोम, वर २५ मिमी क्ले, क्ले मऊ करायला ओव्हन ६० अंशांच्या आसपास. क्लेत गंधक असेल तर प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉनचा साचा घेऊ नका, चिकटच राहतो.

सांगकाम्या: सीड (डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेश परीक्षा) द्या. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन स्कूलमध्ये व्हेइकल डिझाइनचं एम.डेस. (पदव्युत्तर पदवी) आहे.

धडपड्या: परीक्षेचं कुणी विचारलंय? सोमवार म्हटलं ना! आणि साचाही नकोय. पानापक्कड, २५६० केलं तर मागचं दार चिंचोळं होतंय.

पानापक्कड: मागच्या सीटचा एच-पॉइंट कुठे धरलास?

धडपड्या: तो काय असतो?

पानापक्कड: बसलेल्या माणसाच्या खुब्याचा बिंदू. म्हणजे तू माणसं न बसवताच छत ओढलंस. आधी चाकं, मग ९५ पर्सेंटाइलचे (शंभरात ९५ जणांपेक्षा मोठ्या मापाचे) दोन मॅनिकिन, म्हणजे माणसांचे पुतळे, पुढे-मागे, मग मजल्याखालची बॅटरी असेल तर तिची जाडी, आणि शेवटी छत. हे एका पानावर साइड व्ह्यूत दाखव, १८ पैकी १२ रेंडर काढून टाक. गाडी इलेक्ट्रिक आहे का, हेही तू अजून सांगितलेलं नाहीस.